थंडीतले सण, शिडाची बोट आणि गाडी: नॉरफोक ते सेंट ऑगस्टीन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबरात गारठा सुरू झाला की निवृत्त जोडपी शिडाच्या बोटी घेऊन दक्षिणेकडे निघतात. समुद्राचा थेट मारा टाळून आतल्या बाजूने जाता येईल असा एक जलमार्ग इथे आहे. खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडून तो तयार झाला आहे. नाव इंट्राकोस्टल वॉटरवे, पण बोटवाले त्याला आयसीडब्ल्यू एवढंच म्हणतात. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याचा शून्य मैल आहे, आणि फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन साधारण 778 व्या मैलावर.

आम्ही दोघं थंडीचे महिने ह्या मार्गावर घालवतो. आपल्याकडची मंडळी निवृत्त झाल्यावर "आम्हालाही यायचंय, कुठून सुरुवात करू?" असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वर्षा-दोन वर्षांचा नौकानयनाचा सराव तुमच्यापाशी आहे असं धरून चालते. तो नसेल तर आधी चेसापीकच्या उपसागरात एक उन्हाळा काढा, मग पुढचं वाचा.

सगळ्यात आधी कॅलेंडर

ह्या प्रवासाचा हंगाम आणि सणांचा हंगाम एकच आहे. दिवाळी, थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, घरच्यांनी एकत्र जेवायचा सण), नाताळ, सगळं ह्याच अडीच महिन्यांत येतं. मुलं म्हणतात, "आई, गुरुवारी जेवायला पोचालच ना?" आणि आपण हो म्हणून बसतो. मग त्या गुरुवारासाठी माणसं नको त्या वाऱ्यात बोट बाहेर काढतात. ह्या मार्गावरचे बहुतेक अपघात आणि नवरा-बायकोची बहुतेक भांडणं घाईतून होतात, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिला नियम: बोटीला तारीख द्यायची नाही. तारखा गाडीने पाळायच्या. बोट हवामान बघून चालेल, आणि सण आला की ती जिथे असेल तिथल्या मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, नीट बांधून तुम्ही गाडीने घरच्यांकडे जाल. मुलांनाही सुरुवातीलाच सांगून टाका, की आम्ही येऊ, पण कुठून येऊ ते आठवडाभर आधी कळवू.

आता हिशेब. पस्तीस फुटांच्या आसपासची बोट ताशी पाच नॉट, म्हणजे पावणेसहा मैल चालते. (आयसीडब्ल्यूच्या नकाशांवरचे मैल रस्त्यावरचेच असतात, सागरी नव्हेत.) दिवसाचे आठ तास धरले तर सेहेचाळीस मैल होतात. 778 मैलांना सतरा दिवस लागतील. त्या आकड्याची सरळ दुप्पट करा. वारा, पाऊस, दुरुस्ती, धुणं, वाणसामान आणि "आज नको, दमलो" हे सगळं त्यात बसतं. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग 26 नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नॉरफोक सोडलं तर दिवाळी नॉर्थ कॅरोलिनात आणि थँक्सगिव्हिंग जॉर्जियाच्या आसपास येईल.

त्याआधी निघायची घाई करू नका. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, आणि अमुक तारखेपर्यंत अमुक रेषेच्या दक्षिणेला बोट न्यायची नाही, अशी अट बऱ्याच विमा पॉलिसींत असते. आपल्या पॉलिसीतली ती ओळ स्वतः वाचा.

बोट ह्या मार्गात बसते का

दोन मापं घ्या. पहिलं डोलकाठीचं. ह्या मार्गावरच्या न उघडणाऱ्या पुलांखाली भरतीच्या वेळी 65 फूट जागा मिळेल असं गृहीत असतं, पण नॉर्थ कॅरोलिनातला विल्करसन पूल 64 फुटांचाच आहे. डोलकाठीच्या टोकावरचा अँटेना आणि दिवा धरून उंची मोजा. बोट घेताना मिळालेल्या कागदावर विसंबू नका, दोर वर चढवून टेपने मोजा. दुसरं माप पाण्याखालचं. पाच फुटांपर्यंत असेल तर निवांत जाल. सहा फूट असेल तरी जाता येतं, पण भरती-ओहोटीचं कोष्टक सतत हाताशी लागेल.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण नवीन माणसाचा हिरमोड होतो. ह्या मार्गावर बराचसा प्रवास इंजिनवर होतो. कालवे अरुंद आणि वळणांचे असल्याने शीड मदतीला असतं, भार इंजिनावर. त्यामुळे शिडांवर खर्च करण्याआधी इंजिनवर करा: तेल, फिल्टर, पट्टा आणि पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक. इम्पेलर बदलायला दोघांनाही आलं पाहिजे.

दोघांनाही हे मी मुद्दाम म्हणते. बहुतेक बोटींवर सुकाणू पुरुषाच्या हाती आणि दोर बाईच्या हाती असतो. आमच्याकडे उलट आहे. धक्क्याला लागताना मी सुकाणूवर असते आणि आमचे हे दोर सांभाळतात, कारण वाऱ्यात दोर ओढून धरायला ताकद लागते आणि बोट हळू आणायला धीर. कानाला लावायचे बिनतारी हेडसेट घ्या, म्हणजे धक्क्यावरच्या लोकांसमोर एकमेकांवर ओरडावं लागणार नाही. आणि एकाला चक्कर आली, हात मोडला, तर दुसऱ्याला एकट्याने नांगर टाकून रेडिओच्या सोळा नंबर चॅनलवर मदत मागता आलीच पाहिजे. व्हर्जिनियात मोटर असलेली बोट चालवायला सुरक्षा शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तो अभ्यासक्रम दोघांनी करा.

पाण्यावरून ओढून नेणाऱ्या सेवेचं वार्षिक सदस्यत्वही घ्या. टोबोटयूएस आणि सी टो ह्या दोन सेवा इथे सगळ्यांना माहीत आहेत. ह्या मार्गावर बोट गाळात बसणं नेहमीचं आहे, आणि सदस्यत्व नसेल तर ओढून काढण्याचं बिल भरताना डोळे पांढरे होतात.

नॉरफोकहून निघताना दोन वाटा

शून्य मैलानंतर लगेच निवड करावी लागते. व्हर्जिनिया कट रुंद आणि खोल आहे, मालवाहू बार्जही तिथूनच जातात. दुसरी वाट डिस्मल स्वॉम्प कालव्याची. हा कालवा गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या हातांनी खोदला गेला आणि 1805 मध्ये खुला झाला. दोन्ही बाजूंनी झाडं पाण्यावर ओणवलेली, पाणी काळ्या चहाच्या रंगाचं, आणि ऑक्टोबरात पानं पिवळी-तांबडी झालेली. बोट कमी खोलीची असेल तर पहिल्या खेपेला इथूनच जा, असं मी सांगेन. जाण्याआधी कालवा चालू आहे ना ते तपासा, कारण वादळांनंतर आणि दुरुस्तीसाठी तो बंद असतो.

दोन टोकांना दोन लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलणारे दरवाजाबंद हौद, आहेत. डीप क्रीकला पाणी भरून बोट आठेक फूट वर उचलतात, साउथ मिल्सला तेवढीच खाली सोडतात. दरवाजे ठरावीक वेळांनाच उघडतात. आत शिरल्यावर पुढचा आणि मागचा दोर खुंट्याभोवती फिरवून टोक हातात ठेवायचं. गाठ मारायची नाही, कारण पाणी चढतं-उतरतं तसा दोर घ्यावा-सोडावा लागतो. पाण्यावर हिरवं शेवाळासारखं डकवीड तरंगत असतं, ते इंजिनच्या पाण्याच्या गाळणीत जाऊन बसतं. कालव्यातून बाहेर पडल्यावर गाळणी उघडून हाताने साफ करा. मूठभर हिरवा चोथा निघेल.

नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीत कालव्याला लागून हायवे 17 जातो, आणि तिथलं स्वागत केंद्र रस्त्याने येणाऱ्यांचं आणि पाण्याने येणाऱ्यांचं एकाच ठिकाणी स्वागत करतं. गाडी घेऊन कुणी भेटायला येणार असेल तर ही जागा सांगा.

पुढे एलिझाबेथ सिटीनंतर अल्बेमार्ल साउंड लागतं. नकाशावर शांत दिसणारं हे पाणी उथळ आहे, त्यामुळे वारा वाढला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. पंधरा नॉटच्या वर समोरून वारा असेल तर एलिझाबेथ सिटीतच थांबा. गाव प्रेमळ आहे, पाहुण्या बोटींचं अगत्याने करतं.

पूल, खुणा, लवकर मावळणारा दिवस

नॉर्थ कॅरोलिनाचा बाकीचा भाग सोपा आहे. बेलहेवन, ओरिएंटल, मग दोनशेव्या मैलाच्या पुढे ब्यूफर्ट, अशी मुक्कामाला चांगली गावं ओळीने येतात. कॅम्प लजून ह्या लष्करी तळाजवळ गोळीबाराचा सराव असला तर मार्ग काही तास बंद ठेवतात, तेवढं आदल्या दिवशी विचारा. साउथ कॅरोलिनात मर्टल बीचजवळ दगडात खोदलेला एक अरुंद तुकडा आहे, त्याला रॉक पाइल म्हणतात. आत शिरण्यापूर्वी रेडिओवरून समोरून बार्ज येत नाही ना ते विचारून घ्या, कारण तिथे बाजूला व्हायला जागा नाही.

पुलांना हाक मारायची ती व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात तेरा नंबरच्या चॅनलवर, साउथ कॅरोलिनापासून खाली नऊ नंबरवर. शहरांतले पूल ऑफिसला जाण्या-येण्याच्या गर्दीच्या वेळी उघडत नाहीत, आणि जोरदार वाऱ्यातही बंद राहतात.

दक्षिणेला जाताना लाल त्रिकोणी खुणा उजव्या हाताला आणि हिरव्या चौकोनी डाव्या हाताला राहतात. पण एखाद्या नदीचा स्वतःचा मार्ग आयसीडब्ल्यूला येऊन मिळतो तिथे रंग उलटे होतात. तेव्हा खुणेवरचं छोटं पिवळं चिन्ह बघायचं. पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, मागचा रंग कुठलाही असो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. साडेतीनपर्यंत नांगर टाकलेला असावा, हा आमच्या बोटीवरचा नियम आहे. अंधारात नवीन खाडीत शिरायचं नाही.

चार्ल्स्टनच्या खाली: पाणी आठ-नऊ फूट चढतं-उतरतं

खरी परीक्षा इथे आहे. चार्ल्स्टन 469 व्या मैलाला. त्याच्या पुढे एलियट कट नावाच्या अरुंद कालव्यात ओढ इतकी असते की प्रवाह विरुद्ध असेल तर बोट जागची हलत नाही. वेळ साधून सोबतच्या प्रवाहातच जा.

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फुटांचा असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्यात जास्त. मुंबईच्या खाडीत ओहोटीला चिखलावर आडव्या पडलेल्या होड्या पाहिल्या असतील तर कल्पना येईल. लिटल मड रिव्हर, हेल गेट आणि जेकिल क्रीक ही इथली गाळाची ठिकाणं. ती ओलांडायची ती भरती निम्मी वर आलेली आणि अजून चढत असताना. तेव्हा बोट टेकली तरी वाढतं पाणी थोड्या वेळात उचलून देतं. भरतीच्या अगदी टोकाला टेकली तर मात्र बारा तासांची निश्चिंती.

नांगराचा हिशेब इथे नीट कागदावर करा. समजा ओहोटीला दहा फूट पाणी असताना नांगर टाकला. रात्री ते आठ फूट चढणार, आणि बोटीचं नाक पाण्यापासून चार फूट वर आहे. एकूण बावीस फूट. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे 110 फूट सोडा. दोर असेल तर सातपट, 154 फूट. नुसते दहा फूट धरून पन्नास फूट साखळी सोडणाऱ्याची बोट मध्यरात्रीच्या भरतीला चालू लागते. प्रवाह दर सहा तासांनी दिशा बदलतो, बोट पूर्ण फिरते, म्हणून शेजारच्या बोटीपासून वर्तुळभर अंतर ठेवा.

नकाशावर मार्ग दाखवणाऱ्या जांभळट रेषेवर डोळे झाकून जाऊ नका. गाळ सरकतो, रेषा सरकत नाही. लष्कराच्या अभियंता विभागाची ताजी खोलीमापनं ॲक्वा मॅपसारख्या ॲपवर दिसतात. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे अवघड टप्पे त्यावर पाहून वहीत वेळा लिहून ठेवा.

गाडीचं गणित

नॉरफोकहून सेंट ऑगस्टीन रस्त्याने दहा तासांवर आहे. जिथे बोटीने महिना लागतो तिथे गाडी एका दिवसात पोचते, आणि आय-95 हा महामार्ग बराच भाग ह्या जलमार्गाला समांतर जातो. ह्याचा फायदा दोन प्रकारे घेतात.

काही जोडपी स्वतःची गाडी बोटीसोबत पुढे सरकवत नेतात. बोट एका मरीनात बांधायची, भाड्याच्या गाडीने मागे जायचं, आपली गाडी पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवायची. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात महिनाभर तुम्ही गाडीचीच सेवा करत राहता. पहिल्या वर्षी गाडी घरी ठेवा आणि लागेल तिथे भाड्याने घ्या, असा माझा सल्ला आहे. नाताळात बोट सेंट ऑगस्टीनला बांधून घरी जाल तेव्हा परतताना आपली गाडी घेऊन या. जानेवारीत ती तिथे फार कामाला येते.

भाड्याच्या गाडीबद्दल: लहान गावांतली कार्यालयं शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. थँक्सगिव्हिंगची गाडी महिनाभर आधी सांगून ठेवा, मोठ्या गावातून, रद्द करता येईल अशी. आदल्या बुधवारी आणि नंतरच्या रविवारी महामार्ग तुंबतात. मंगळवारी जा, सोमवारी या. मुलं कुठे राहतात त्यावरून थांबे ठरवा: ओरिएंटलहून रॅली अडीच तास, चार्ल्स्टनहून शार्लट साडेतीन तास, सव्हानाहून अटलांटा चार तास.

थँक्सगिव्हिंगला कुठे जायचं नसेल तर सेंट मेरीजला जा. जॉर्जियाच्या अगदी दक्षिण टोकाच्या ह्या गावात बोटवाल्यांच्या सामुदायिक जेवणाची परंपरा आहे. टर्की आणि हॅम गावकऱ्यांकडून, बाकीचे पदार्थ बोटींवरून. लिंबू-भात किंवा बटाट्याची सुकी भाजी न्या, दोन्ही संपतात, आणि शाकाहारी लोक तुम्हाला शोधत येतात. समोरच कंबरलँड बेट आहे, तिथे रानटी घोडे मोकळे फिरतात.

ओट्याजवळ

बोटीवर प्रेशर कुकरइतकं उपयोगी भांडं नाही. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे बोट डुलली तरी आमटी सांडत नाही, आणि गॅस निम्मा लागतो. वरण-भात आणि बटाटे एकाच वेळी लावा, दोन शिट्या झाल्या की गॅस बंद करून टॉवेलात गुंडाळून ठेवा. शिजायचं ते आतल्या वाफेवर शिजतं. फोडणी मात्र नांगर टाकल्यावरच करायची. चालत्या बोटीवर गरम तेल नको.

दिवाळीचं फराळ घरून करून हवाबंद डब्यांत आणा. चिवडा, शंकरपाळे, चकल्या महिनाभर टिकतात, आणि शेजारच्या बोटीवर एक डबा गेला की ओळख पक्की होते. पणत्या तेलाच्या नकोत, बॅटरीच्या लावा. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असे दोन्ही अलार्म चालू हवेत. थंडीत सगळी दारं लावून शेगडी पेटवली जाते तेव्हा धोका वाढतो.

औषधं नव्वद दिवसांची घ्या आणि मोठ्या साखळी दुकानातून घ्या, म्हणजे पुढच्या राज्यात मिळतात. मेडिकेअर ॲडव्हान्टेज ही आरोग्य विम्याची योजना असेल तर तातडीच्या उपचारांखेरीज घराबाहेर काय मिळतं ते निघण्यापूर्वी विचारा.

सेंट ऑगस्टीनला पोचल्यावर

1565 मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे गाव नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत पांढऱ्या दिव्यांनी सजतं. नगरपालिकेच्या मरीनातून चालत किल्ल्यापर्यंत जाता येतं. तो शंख-शिंपल्यांच्या दगडाचा आहे, आणि जवळ जाऊन भिंतीला हात लावला की शिंपले बोटांना जाणवतात. ह्या दिवसांत जागा मिळणं कठीण, तेव्हा नाताळासाठी बोट ठेवायची असेल तर ऑक्टोबरातच धक्क्याची जागा ठरवा. तारीख लांबेल हे मरीनाला आधीच सांगा, बहुतेक जण समजून घेतात.

बोट सोडून जाताना नांगरावर ठेवू नका, धक्क्याला बांधा. दोर दुहेरी करा, घासतील तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा. बुडातले सगळे व्हॉल्व्ह बंद करा, फक्त कॉकपिटचं पाणी वाहून नेणारे उघडे ठेवा. पुढचं शीड उतरवून आत ठेवा, कारण वाऱ्याने सुटलेलं शीड रात्रीत फाटतं. फ्रिज रिकामा करून दार अर्धवट उघडं. तळातलं पाणी उपसणारा पंप हाताने चालवून बघा. विजेचा हीटर लावून जायचं नाही, कितीही थंडी सांगितलेली असो. धक्क्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याला किल्ली आणि फोन नंबर द्या.

इंजिनच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला की इंजिनची किल्ली त्याच व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवून ठेवा. तीन आठवड्यांनी परत याल, नातवंडांच्या गप्पा डोक्यात असतील, पण किल्ली घ्यायला वाकलात की व्हॉल्व्ह उघडाल. मग तासभर इंजिन धक्क्यावरच चालवा, मागून पाणी येतंय ना ते बघा, आणि त्या दिवशी कुठेही निघू नका.